चार चाकांखालची फडकी

विरुपाक्ष ड्रायव्हरला माणसांचा वीट होता, आणि तो त्यानं कधी लपवून ठेवला नाही. बिदरात कुणाची मोटार रस्त्यात बंद पडली आणि मालकानं त्याला हाक मारली, की तो आधी मोटारीकडे बघायचा, मग मालकाकडे, आणि मग बाजूला तोंड करून पचकन थुंकायचा. तंबाखू तो खात नव्हता. लोकांची मोटार वापरायची तऱ्हा बघितली की त्याचं तोंड आपोआप कडू व्हायचं.

"बैल लंगडला तर खूर उचलून बघता," तो त्या मालकाला सुनवायचा, "घोडं अडलं तर नालबंदाकडं नेता. आन मोटारीला वरून फडकं मारलं की झालं व्हय? खाली कुणी बघायचं, तुमच्या सासऱ्यानं?"

लोक हसायचे. जीभ तिखट, पण हात सोन्याचा, म्हणून ऐकून घ्यायचे. दुभत्या गाईच्या लाथा गोड असतात हे बिदरच्या व्यापाऱ्यांना कुणी शिकवायला नको होतं.

विरुपाक्ष मूळचा आळंद तालुक्यातल्या कडगंचीचा. घरी कानडी, बाजारात मराठी, आणि मोटारीशी बोलायचं झालं की दखनी. ही दखनी त्यानं हैदराबादेत एका जहागीरदाराच्या मोटारखान्यात उचलली. विशीत तो तिथे गेला आणि एका म्हाताऱ्या उस्तादाच्या हाताखाली लागला. बाकीचे उस्ताद नव्या माणसाला आधी चाक धरायला शिकवत. ह्या उस्तादानं विरुपाक्षाला अकरा महिने मोटारीच्या खाली झोपवलं. पोतं अंथरायचं, उताणं सरपटत आत जायचं आणि नुसतं बघायचं. काय बघितलं ते बाहेर येऊन सांगायचं. चुकलं की पुन्हा आत.

"इंजन बिगड्या तो गाडी रुकती, मियाँ," उस्ताद म्हणायचा. "बिरेक बिगड्या तो आदमी रुकता."

त्या मोटारींची रचना अशी होती की पायाखालच्या पट्टीपासून चारी चाकांपर्यंत करंगळीहून बारीक नळ्या गेलेल्या असत आणि त्यांत तेल भरलेलं असे. पट्टी दाबली की तेल दाबलं जायचं आणि चाकं अडायची. तेल मात्र चारी चाकांना मिळून एकच. एका चाकाची नळी फुटली तरी चौघांचा ब्रेक गेला. पुढची चाकं वळतात, म्हणून तिथे लोखंडी नळीला शेवटी वीतभर रबराचा तुकडा जोडलेला असतो. उस्ताद सगळ्यात जास्त भीत असे तो ह्या वीतभर रबराला.

त्यासाठी त्यानं एक साधी युक्ती काढली होती. संध्याकाळी मोटार उभी केली की चारी चाकांखाली मांजरपाटाचं एकेक पांढरं फडकं अंथरायचं. सकाळी तोंड धुवायच्या आधी ती चार फडकी उचलून बघायची. काळा डाग पडला तर इंजिनचं तेल, जेवून आलास तरी चालेल. पण चाकाच्या आतल्या अंगाला पिवळसर, बुळबुळीत, एरंडेलाच्या वासाचा डाग दिसला, तर समोर खुद्द बादशहा उभा असला तरी मोटार बाहेर काढायची नाही.

पुढे पोलीस ॲक्शन झालं, वर्षभरात जहागिऱ्या गेल्या, आणि जहागीरदाराच्या मोटारी मिळेल त्या किमतीला विकल्या गेल्या. त्यांतली एक काळी मोटार बिदरच्या शिवशंकरप्पांनी घेतली. गाईबरोबर दावं यावं तसा मोटारीबरोबर विरुपाक्षही आला.

शिवशंकरप्पा डाळीचे आणि करडीच्या तेलाचे व्यापारी. मूळ गाव जनवाडा. माणूस वाईट नव्हता. कपाळाला विभूतीच्या तीन रेघा, पोट पुढे, आवाज मऊ, आणि आईचा धाक साठीला आला तरी कायम. मोटार त्यांना कुठे जायला लागायची कमी आणि दारात दिसायला लागायची जास्त. आणि त्यांची आई भागम्मा, तिला तर ती मोटार म्हणजे घरात चालत आलेली लक्ष्मी. तिनं पुढच्या बाजूला लिंबू, मिरच्या आणि बिब्बा टांगला. दोन्ही दिव्यांना काजळाचं बोट लावलं, दृष्ट लागू नये म्हणून. विरुपाक्ष रोज सकाळी ते काजळ पुसायचा आणि ती रोज दुपारी परत लावायची.

"अव्वा, तुमच्या लक्ष्मीला दिसंना झालंय," तो म्हणायचा. "आंधळी करता का तिला?"

फडक्यांवरून तर पहिल्याच आठवड्यात वाजलं. तिन्हीसांजेला दिवा लावायच्या वेळी विरुपाक्ष दारातल्या मोटारीखाली पांढरी फडकी अंथरतोय हे भागम्मानं बघितलं आणि तिच्या अंगावर काटा आला.

"काय करायलास रे? लक्षुमीच्या येळंला दारात पांढरं हांतरायलास? हे काय मेल्या घरचं लक्षण?"

"न्हाई हांतरलं तर व्हईल मेल्या घरचं लक्षण, अव्वा."

दोन दिवस घरात त्याच्याशी कुणी बोललं नाही. पण फडकी राहिली, कारण तिसऱ्याच महिन्यात उजव्या मागच्या चाकाखाली पिवळा डाग दिसला. विरुपाक्षानं मोटार उघडली, तडकलेली नळी काढली, दुसरी बसवली. मग ती जुनी नळी घेऊन तो दुकानात गेला आणि शिवशंकरप्पांच्या पांढऱ्याशुभ्र गादीवर, त्यांच्या मांडीपुढे, त्यानं ती तेलकट नळी ठेवली.

"ही तुमची मौत, मालक. जपून ठेवा."

शिवशंकरप्पांनी नळी दोन बोटांनी उचलून खाली टाकली आणि गादीवरच्या डागाकडे बघत बसले. नळीपेक्षा त्यांना डागाचं वाईट वाटलं. विरुपाक्ष बाहेर येऊन थुंकला. ह्या लोकांना जीव वाचवून दिला तरी गादी खराब झाली म्हणतील, हे त्याचं मत त्या दिवशी कायमचं झालं.

घरी त्याची बायको चन्नव्वा फडक्यांवरून त्याची थट्टा करायची. जुनी धोतरं फाडून ती चौकोन करून द्यायची, सोमवारी धुवायची आणि दोरीवर वाळत घालताना शेजारणींना ऐकू जाईल अशी म्हणायची, "माज्या सवतीची दुपटी वाळायली बघा." विरुपाक्षाला सगळ्या बिदरात एवढी एकच थट्टा चालायची. ती हसली की त्याच्या कपाळावरची आठी घटकाभर सुटायची. चन्नव्वाची भाकरीही अशी, की ती परातीत थापायला लागली की विरुपाक्ष हातातलं काम सोडून बघत बसायचा. त्याच्या लेखी जगात दोनच जणांना आपलं काम नीट येत होतं, एक त्याचा उस्ताद आणि दुसरी ही.

आता दसऱ्याचं. खंडेनवमीला आपल्याकडे हत्यारं पूजेला बसतात. शेतकऱ्याचा नांगर, सुताराची पटाशी, व्यापाऱ्याचा तराजू, तशी विरुपाक्षाची पान्यांची पेटीही शिवशंकरप्पांच्या देवघरात बसायची. कुंकू, विभूती, झेंडू. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सीमोल्लंघन होऊन बन्नीची, म्हणजे शमीची, पानं सोनं म्हणून वाटून होईपर्यंत त्या हत्यारांना हात लावायचा नाही. इथवर ठीक. पण मोटारही पूजेलाच असते ना? तिला हार घालायचे, नारळ फोडायचा, चाकाखाली लिंबू चिरडायचं, आणि लगेच तिच्यात बसून गावभर मिरवायचं. मोटार हलली तर देव रागावत नाही आणि पाना हलला तर बाटतो. हे गणित विरुपाक्षाला कधी सुटलं नाही, आणि खरं सांगायचं तर कुणालाच सुटलेलं नव्हतं. फक्त बाकीच्यांना ते सोडवायची गरज वाटत नव्हती.

एकावन्न सालच्या दसऱ्याला सकाळी फडक्यावर डाग दिसला म्हणून विरुपाक्षानं सरळ देवघरात जाऊन पेटीतून पाना काढला. डाग किरकोळ निघाला, नळीच्या जोडावरची एक चाकी ढिली झाली होती, ती त्यानं आवळली. पण भागम्मानं अन्नपाणी सोडलं. "माज्या घरात देवाचं हत्यार उष्टं केलं" म्हणून ती भिंतीकडे तोंड करून बसली. शेवटी शिवशंकरप्पांनी विरुपाक्षाला बोलावलं आणि आल्यागेल्या सगळ्या पाहुण्यांसमोर त्या पेटीपुढे नाक घासायला लावलं. चन्नव्वानं डोळ्यांनी विनवलं म्हणून त्यानं घासलं. नाकाला कुंकू लागलं. घरी जाईस्तोवर वाटेत भेटेल तो त्या नाकाकडे बघून हसत होता.

तो अपमान त्यानं गिळला नाही. दाढेखाली धरून ठेवला.

त्रेपन्न सालची नवमी आली. शिवशंकरप्पांच्या दुकानात श्रीमंत नावाचा एक दिवाणजी होता. मालकाच्या पुढे पुढे करण्यात ह्याचा हात धरणारा बिदरात दुसरा नव्हता. शेजारच्या व्यापाऱ्यानं त्याच वर्षी जीप घेतली होती, तेव्हा आपली मोटार तिच्याहून सजली पाहिजे म्हणून श्रीमंतानं पुरुषभर उंचीचे दोन केळीचे खुंट आणले. ते पुढे उभे राहीनात. मग त्यानं दुकानातली गठ्ठे बांधायची तार आणली आणि खुंट तारेनं आवळून तारेची टोकं खाली, चाकांच्या आत, हाताला लागेल त्याला पिळून टाकली.

विरुपाक्ष अंघोळ करून आला तेव्हा आरती होऊन गेली होती. त्यानं डाव्या चाकाच्या आत गेलेली तार बघितली.

"श्रीमंता, तार कुठं बांधलीस?"

"खाली दांडीला."

"कुठल्या दांडीला?"

"आता दांडीला म्हंजे दांडीला. मी काय ड्रायवर हाय?"

"सोड ती."

"आरं, आरती झाली की!" भागम्मा पुढे आली. "पुजलेलं सोडत्यात व्हय? वंगाळ बोलू नगंस सणाचं."

"अव्वा, तिथं बिरेकची नळी हाय. मला पक्कड द्या, दोन मिन्टांत बघतो."

पक्कड देवघरात, झेंडूच्या खाली. शिवशंकरप्पांनी आईकडे बघितलं, मग विरुपाक्षाकडे, आणि आपल्या मऊ आवाजात म्हणाले, "उद्या सांजंपतूर दम धर. बन्नी वाटून झाली की पेटी तुझी. मागल्या टायमाचं ध्यानात हाय न्हवं?"

मागं श्रीमंत खुदकन हसला आणि त्यानं आपल्या नाकाच्या शेंड्याला बोट लावलं.

विरुपाक्षानं एकवार सगळीकडे बघितलं. ते तेलानं चोपडलेले चेहरे, तो कुंकवाचा चिखल, फुटलेल्या नारळांवर बसलेल्या माश्या, आणि त्या सगळ्याच्या मधोमध हार घालून उभी केलेली ती बिचारी मोटार. पालथ्या घड्यावर किती पाणी ओतायचं? चार वर्षं ओतलं.

"तुमची मोटार," तो म्हणाला. "तुमची लक्षुमी आन तुमचा जीव. माजं काय जातंय?"

त्या संध्याकाळी त्यानं मोटार मिरवली. अरुंद गल्ल्यांतून, देवळाला वळसा घालून, प्रत्येक व्यापाऱ्याच्या दारात थांबत. चाकं शंभरदा डावी-उजवी झाली असतील. परत आणून दारात उभी केली. फडकी त्याच्या खिशात होती, घडी घातलेली, सोमवारीच धुतलेली. ती त्यानं खिशातच ठेवली. हैदराबाद सोडल्यापासून मोटारीखाली फडकं न टाकलेला हा पहिला दिवस.

घरी चन्नव्वानं विचारलं, "आज दुपटी न्हाई घातली सवतीला?"

"सणाचं पांढरं चालत न्हाई त्यांना," तो म्हणाला, आणि त्याला मनातून गार वाटलं. एवढ्या वर्षांनी त्यानं कुणाचं तरी ऐकलं होतं. आता होऊ दे काय व्हायचं ते.

सकाळी तो दारात आला तेव्हा अंगण ओलं होतं. नारळाचं पाणी, चिरडलेली लिंबं, समईचं सांडलेलं तेल. पण डाव्या पुढच्या चाकाच्या आतल्या अंगाला, रांगोळीवर, तळहाताएवढा एक डाग होता. रांगोळीचा लाल आणि पिवळा रंग त्यात मिसळून गेला होता आणि वर तकाकी होती. विरुपाक्ष तिथे उभा राहिला. नारळाचं पाणी असेल, असं त्यानं स्वतःला सांगितलं. नारळाचं पाणी रात्रभरात वाळतं, त्याला तकाकी राहत नाही, हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. अकरा महिने उताणं झोपून तो हेच तर शिकला होता. फक्त वाकायचं होतं. बोट लावून हुंगायचं होतं.

तो वाकला नाही. एकदा नाक घासून झालंय, आता ह्यांच्या नारळाच्या चिखलात तोंड घालायला मी काय डुक्कर आहे? असं काहीसं त्याच्या मनात आलं, आणि तो फडक्यानं काच पुसायला लागला. वरून. जसं सगळे पुसतात तसं.

दुपारी जनवाड्याला जायचं होतं. मूळ गावी सीमोल्लंघनाला मोटारीतून उतरायची शिवशंकरप्पांना दर वर्षीची हौस. ते पुढे बसले. मागे भागम्मा, मांडीवर बन्नीच्या पानांचं ताट. आणि निघायच्या वेळी भागम्मा म्हणाली, "चन्नव्वा, चल की माज्यासंगं. मला धरायला कोण हाय?" चन्नव्वानं नवं इरकली लुगडं नेसलं होतं. ती कधी ह्या मोटारीत बसली नव्हती. तिनं एकदा नवऱ्याकडे बघितलं आणि हसत आत चढली.

विरुपाक्षाचा हात दारावर थांबला. डाग त्याच्या डोळ्यांपुढे आला. आता बोलायचं तर सकाळी का बोलला नाहीस, असं विचारतील. श्रीमंत समोरच उभा होता. विरुपाक्षानं दार लावून घेतलं.

बिदर पठारावर आहे. गावाबाहेर पडेपर्यंत रस्ता सपाट. वाटेत दोनदा पट्टी दाबली, दोनदा मोटार थांबली. मग पठाराची कड आली आणि जनवाड्याकडचा उतार लागला. एका बाजूला खोल घळ, दुसऱ्या बाजूला तांबड्या दगडाची कापलेली भिंत. पहिल्या वळणाला ब्रेक लागला. दुसऱ्या वळणाला पट्टी मऊ लागली, लोण्यात पाय घातल्यासारखी. तिसऱ्या वेळी पाय सरळ खाली फळीला टेकला.

"मालक, घट्ट धरा," तो म्हणाला.

त्यानं हातातला ब्रेक ओढला, गियर खाली पाडला. इंजिन किंचाळलं, वेग थोडा तुटला, पण मोटार थांबेना. आणि खालच्या वळणावर हलगी वाजत होती. जनवाड्याची माणसं नवे कपडे घालून बन्नीच्या झाडाकडे निघाली होती. रस्ता भरून तीस-चाळीस माणसं, कडेवर लेकरं. हॉर्न त्या हलगीत कुणाला ऐकू येणार?

घळीत घालावी तर चौघं गेले. सरळ जावं तर ती माणसं. विरुपाक्षानं मोटार उजवीकडे दाबली आणि भिंतीला घासली. दगडानं पत्रा सोलला, केळीचा खुंट तुटून टपावरून मागे उडाला, काचा फुटल्या. मोटार भिंतीला घासत, हिसके खात, माणसांपासून वीस पावलांवर थांबली. मागचं उजवं दार आत चेपलं होतं. तिकडे भागम्मा बसली होती. तिच्या डोक्याला साधं खरचटलंही नाही, कारण डोकं आणि दार ह्यांच्या मध्ये चन्नव्वानं आपला उजवा हात घातला होता.

धूळ बसली आणि पहिला आवाज भागम्माचा आला. "पावली गं माय! आरती केली म्हणून वाचलाव!"

खालून माणसं धावत आली. काय टळलं ते कळल्यावर त्यांनी विरुपाक्षाला उचलायचं बाकी ठेवलं. जो तो त्याच्या हातात बन्नीची पानं कोंबत होता. "बन्नी घ्या, बंगारासारखं ऱ्हावा!" बंगार म्हणजे सोनं; त्या पानांच्या सोन्यानं हात भरून गेले. चन्नव्वा दगडावर बसली होती, कोपर धरून, ओठ दाबून. ती सुद्धा त्याच्याकडे अभिमानानं बघत होती.

त्यानं पानं खाली टाकली आणि मोटारीखाली शिरला. आता. डाव्या चाकामागे तारेनं रबराच्या तुकड्याला ओढून टायरजवळ आणलं होतं. प्रत्येक वळणाला टायर त्याला घासत गेला होता, आणि शेवटी रबर एका बाजूनं कुरतडल्यासारखं फाटलं होतं. त्यानं तारेला हात लावला. दोन पिळे. पक्कड लागलीच नाही. बोटांनी सुटले.

तो बाहेर आला आणि रस्त्याच्या कडेला भडाभडा ओकला. भेदरला बिचारा, असं लोक म्हणाले.

आठ दिवसांनी शिवशंकरप्पांनी त्याचा सत्कार केला. पटका, हार, नारळ. नारळ श्रीमंताच्या हस्ते. मोटारीला आता एका लिंबाच्या जागी सात लिंबं टांगली होती. विरुपाक्षानं तार सगळ्यांसमोर टाकली आणि काय झालं ते नीट समजावून सांगितलं. सगळ्यांनी माना हलवल्या.

"व्हय व्हय," भागम्मा म्हणाली. "त्या जीपवाल्याचीच नजर. तार निमित्त."

थुंकायची हीच वेळ होती. पण तोंडात थुंकी येईना. 'आन डाग मी सकाळी बघितला व्हता' हे शब्द त्याच्या जिभेवर होते. ते तिथेच बसून राहिले. तो डोक्याला पटका बांधून, गळ्यात झेंडू घालून, गुपचूप घरी आला. ज्या माणसांची त्याला जन्मभर किळस आली, त्यांतलाच एक होऊन.

हाडवैद्यानं चन्नव्वाचा हात बांधला, पण कोपर वाकडंच जुळलं. हात पुरता उघडेना, मनगटात जोर येईना. परातीत पीठ घेऊन ती बसली की भाकरी एका अंगाला जाड, एका अंगाला फाटकी व्हायची. दोन-तीनदा तिनं पीठ तसंच सोडून दिलं. मग विरुपाक्ष भाकरी थापायला लागला. ड्रायव्हर भाकरी थापतो म्हणून गल्ली हसली, त्यानं हसू दिलं. चन्नव्वा मात्र ज्याला त्याला सांगायची, "आमच्या घरधन्यानं चाळीस माणसं वाचवली. हात काय, हात गेला तर गेला." ती असं म्हणाली की त्याला तिच्यासमोर बसवेना. फडक्यांची थट्टाही तिनं सोडून दिली होती. ती फडकी आता ती एका हातानं घासूनपुसून धुवायची.

माघात एका दुपारी तव्यावर भाकरी टाकून, चन्नव्वाकडे पाठ करून, त्यानं सांगून टाकलं. फडकी खिशात होती ते. रांगोळीवरचा डाग. वाकलो नाही ते.

तव्यावरची भाकरी करपायला लागली.

"वाकायला किती येळ लागला असता?" तिनं विचारलं.

"कायच न्हाई."

"मग कामून न्हाई वाकलाव?"

"राग व्हता."

"कुणाचा?"

"त्यांचा. त्या समद्यांचा."

चन्नव्वानं मांडीवरच्या आपल्या वाकड्या हाताकडे बघितलं. "राग त्यांचा," ती म्हणाली, "आन हात माजा."

ती उठली आणि बाहेर जाऊन दोरीवरची फडकी काढू लागली. विरुपाक्षानं करपलेली भाकरी आपल्या ताटात घेतली.

पुढच्या दसऱ्याला, नवमीची आरती चालू असतानाच, नव्या धोतरानिशी तो मोटारीखाली शिरला. हातात हत्यार नव्हतं. भागम्मानं काही बोलायला तोंड उघडलं, तिची नजर चन्नव्वाच्या कोपराकडे गेली, आणि तिनं मोटारीखाली उजेड पडेल असं आरतीचं ताट पुढे सरकवलं. तो बाहेर आला तेव्हा पाठीला कुंकवाचा चिखल लागला होता. चन्नव्वानं डाव्या हातानं चार फडकी पुढे केली, आणि त्यानं ती चारी चाकांखाली एकेक करून अंथरली.